अनोळखी मावशी

दि. ३ फेब्रुवारी

चि. छकुलीस,

अ. आ. पत्राला उशीर झाला म्हणून फुगून बसली असशील, तर तो फुगा आधी फोडून टाक. हातातला कंप वाढलाय. आता मी बोलते, फोन लिहितो आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला तुझ्यासाठी कागदावर छापून देतो. त्यामुळे आपल्या दोघींतलं सगळं त्याला पाठ! परवा त्यानेच मला विचारलं, बहिणीच्या कानाचं यंत्र नीट बसलं का म्हणून.

आता खरी बातमी. तुझे चिरंजीव घरी आले होते. हो, ढब्बूच! एका शहरात राहून गेल्या उन्हाळ्यानंतर आत्ता पाय लागले. दारात उभा राहिला तेव्हा आधी मला विजेचं मीटर बघणारा वाटला. ढब्बू कसला, पार काडी झालीय त्याची.

त्याची कंपनी एक यांत्रिक हात बनवतेय. टेबलाला बसवायचा, आपण तोंड उघडलं की तो चमच्याने भरवतो. माझ्यासारखे ज्यांचे हात थरथरतात, त्यांच्यासाठी. बाजारात आणण्याआधी बनवणाऱ्या मंडळींना खऱ्या माणसांशी बोलायचंय, आणि तशी माणसं पटकन मिळेनात. तेव्हा साहेबांना मावशी आठवली.

एक मेख आहे. कर्मचाऱ्यांचे नातेवाईक चालत नाहीत. म्हणून बैठकीत मी त्याला ओळखच द्यायची नाही. तो मला अहो-जाहो करणार, मी त्याला साहेब म्हणायचं. मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नकोस. निदान तासभर तो समोर तरी बसेल.

बैठक वीस तारखेला. काय बोलावं, काय नाही, तू सुचव. जन्मभर लोकांची मापं घेऊन कपडे बेतले, आता माझ्या तोंडाचं माप द्यायला निघालेय, घे!

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझी,
ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र एकदा तुझ्यासाठी वाचलं आणि नंतर ढब्बूसाठी वाचतच राहिले.

मला फोनवर ऐकू येत नाही हे कळल्यापासून तो फक्त अंगठ्याचं चित्र पाठवतो. मी विचारते जेवलास का, अंगठा. बरा आहेस ना, अंगठा. थंडी फार आहे का, तरी अंगठाच. जेवला म्हणून अंगठा की आई, आता पुरे म्हणून अंगठा, हे कुणाला विचारू? ते कानातलं यंत्र म्हणशील तर त्यात चमचा पडला तरी भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखं वाटतं. ठेवलंय खणात. शेजारीण बोलते तेव्हा मी तिच्या ओठांकडे बघत हसते. परवा हसले आणि मागाहून कळलं, ती तिच्या भावाच्या आजारपणाचं सांगत होती. तेव्हापासून ती फारशी येत नाही.

बैठकीचं म्हणशील तर राखाडी कपडे घालू नकोस, आधीच आजारी दिसशील. निळं काहीतरी घाल. साहेब म्हणायची सवय आरशासमोर कर, तुझ्या जिभेला हाड नाही. आणि ताई, दोन शब्द बरेच बोल. या हातामागे तो कधीपासून राबतोय. तुझ्या एका वाकड्या शब्दाने त्याचं नुकसान व्हायला नको. एरवी तू खरं बोलून मोकळी होतेस, एवढ्या वेळी जरा आवर.

आणि माझ्यासाठी त्याला नीट बघून घे. डोळ्यांखाली काळं आहे का, कपडे धड आहेत का, हसतो का. मला सगळं लिही.

तुझा वरदहस्त, कंप असला तरी, डोक्यावर असू दे.

तुझी,
छकुली

दि. २२ फेब्रुवारी

चि. छकुलीस,

अ. आ. हे पत्र बसून वाच.

निळंच घातलं होतं. आरशासमोर साहेब, साहेब असं घोकूनही झालं होतं. हात हळुवार आहे, छान आहे, अशी दोन-तीन वाक्यंसुद्धा तयार होती. काचेच्या भिंतींची खोली, लांबलचक पांढरं टेबल आणि चार-पाच जण. त्यांच्या प्रमुख बाई फार मऊ बोलणाऱ्या. आपला ढब्बू पार टोकाला, लॅपटॉपच्या आड. डोळ्यांखाली काळं आहे गं. एका बाहीचं बटण तुटलंय. माझे डोळे सारखे त्या बाहीवर. पूर्वी असतं तर तिथल्या तिथे टाचून दिलं असतं.

हात मात्र खरंच चांगला आहे. पांढरा, बगळ्याच्या मानेसारखा. त्याने सूप भरलं, तोंडापाशी आणलं आणि थांबला. थेंब सांडला नाही. कितीतरी दिवसांनी भरलेला चमचा माझ्या तोंडापर्यंत भरलेलाच आला. मला भरून आलं. ठरवलेली वाक्यं खरी निघाली म्हणून बरंही वाटलं.

मग बाईंनी विचारलं, घरी कुणाबरोबर जेवता? याचं उत्तर काही मी तयार केलं नव्हतं. मी सांगायला लागले की कुणाबरोबर नाही, रेडिओ लावते, आणि बोलायला तोंड उघडलं तसा हाताने त्यात चमचा घातला! सूप हनुवटीवर, तिथून गळ्यावर. कुणी बटण दाबलं, कुणी लिहून घेतलं, कुणी सॉरी म्हटलं. पण जागचं कुणी हललं नाही. मला पुसता येईना. माझा हात वर नेला की तो कानाकडे पळतो. सगळी शहाणी माणसं बघतायत आणि मी लाळेऱ्याविना बाळासारखी बसलेय.

तेवढ्यात ढब्बू उठला. सरळ माझ्यापाशी आला, खिशातून रुमाल काढून माझी हनुवटी पुसली आणि मावशी, भाजलं का गं, म्हणून विचारलं. सगळ्यांसमोर. आणि मी मूर्खासारखी, ठरल्याप्रमाणे, साहेब म्हणून त्याचे आभार मानत बसले!

पुढचं तू ओळखलंच असशील. बाई ओरडल्या नाहीत. माझी चाचणी धरता येणार नाही, एवढंच म्हणाल्या. मी गयावया केली, त्यांनी ऐकूनही घेतली, पण नियम तो नियम. ढब्बूला या कामातून काढलं. नोकरी राहिलीय, बदली होणार आहे, लांब कुठेतरी.

घरी सोडायला आला. मग फ्रिजमधलं होतं ते गरम केलं आणि समोर बसून मला भरवलं. चमचे गच्च भरतो, घाई करतो. यंत्रापेक्षा वाईट भरवतो गं तुझा लेक. मी सगळं संपवलं.

तुझं एवढं एकच काम होतं, ते मी सांडून ठेवलं. रागाव, पण लिहायचं थांबू नकोस.

तुझी,
ताई

दि. २९ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. आईने कळवलंय की वर ही अक्षरं घालायचीच असतात. अर्थ अजून विचारला नाही, चुकलं असेल तर सांभाळून घे.

इथे पोचलो. काम बरं आहे. इथला हात गोदामात खोकी उचलतो. खोकी बोलत नाहीत, त्यामुळे तक्रारी कमी. खोली स्वच्छ आहे, खिडकीतून समोर दुसऱ्याची खिडकी दिसते. मी सिंकपाशी उभ्यानेच जेवतो, म्हणजे ताट धुवावं लागत नाही. हे आईला कळवू नकोस.

आई रागावली नाही. मी तिला पहिल्यांदाच पत्र टाकलं, तर तिचं उत्तर पाकिटात मावत नव्हतं. नोकरीबद्दल त्यात एक ओळ आहे. बाकी सगळं, माझ्या खिशात धुतलेला रुमाल होता, याच्या कौतुकाचं. तुझ्यामुळे काही बिघडलं असं तूही मनात आणू नकोस. ओळख लपवायचं माझ्याच डोक्यातून निघालं होतं.

जुन्या टीममधल्या मैत्रिणीने कळवलं की हातात एक बदल झालाय. समोरचा माणूस बोलायला लागला की आता तो चमचा मागे घेतो आणि बोलणं संपेपर्यंत थांबतो. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग बघूनच ते केलं. कागदावर मात्र तुझा उल्लेख नाही, आणि इतक्यात तो हात तुला मिळणारही नाही. मी विचारून बघितलं.

एक विचारायचं राहिलं. त्या संध्याकाळी तुला भरवताना तू मध्येच तोंड मिटून मान वळवलीस. मला वाटलं पोट भरलं, म्हणून मी घाईघाईने उरलेलं पुढे केलं. इथे आल्यावर ते सारखं आठवतं. तुला तेव्हा काहीतरी बोलायचं होतं ना, मावशी?

काय बोलणार होतीस ते लिही. सावकाश लिही. मी थांबलोय.

लोभ कसा मागतात ते मला माहीत नाही, पण असू दे.

तुझा,
ढब्बू