निम्म्या भाड्याचं घर

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दुकान बंद कर, या राज्यात जगणं स्वस्त आहे, इकडे निघून ये, असं तू तिसऱ्यांदा लिहिलंस. दुकानमालकाने पुन्हा भाडं वाढवलंय आणि महिनाअखेर हो की नाही ते सांगायचंय. लोकांच्या पँटी आखूड करून मिळवलेलं सगळं या माणसाच्या घशात जातं. उठावं आणि तुझ्याकडे यावं, असं फार वाटतं.

पण काही गोष्टी डोक्यात शिरत नाहीत. तुमच्याकडे पगारावर राज्याचा कर नाही म्हणतेस. मग रस्ते कोण झाडतं, शाळा कशावर चालतात? कोणाच्या तरी खिशातून जातच असणार. आणि तिथे पँट आखूड करायचे काय घेतात? तू बसडेपोत जन्मभर तिकिटं विकलीस. माणसांना बोलतं करणं तुला काय अवघड?

आहे तशीच माया ठेव.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,
अ. उ. आ.

तुझ्यापायी पालिकेच्या खिडकीवर जाऊन आले. कारकुनाला वाटलं, म्हातारी तक्रार घेऊन आली. नुसतंच कुतूहल आहे म्हटल्यावर त्याने बसायला खुर्ची दिली. पगार, पेन्शन सोडतात, पण साबणाच्या वडीपासून कपाटापर्यंत काहीही घ्या, त्यावर कर. घराचा कर मालक भरतो आणि भाड्यात घालून आपल्याकडूनच काढतो. आवळा देऊन कोहळा, दुसरं काय!

तरी माझं छान भागतं. दोन खोल्या आहेत, भाडं पेन्शनच्या पाचव्या हिश्शात बसतं, विजेचं बिल तर किरकोळच. कोपऱ्यावरची शिंपीण मात्र तुझ्या निम्मेच पैसे घेते. तुला हे आवडणार नाही, पण विचारलंस म्हणून लिहिलं.

जेवण वेळेवर करत जा.

आशीर्वादासह,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या गावाहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने कोट वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. कोट बाजूला ठेवून मी आधी भाड्याच्या जाहिराती वाचल्या. तुझ्याच वस्तीत दोन खोल्यांना तू लिहिलंस त्याच्या दुप्पट भाडं! तू घासाघीस करण्यात पटाईत, पण निम्मं? तुझा घरमालक संत आहे, की तू पोटाला चिमटा काढून मला बरं वाटावं म्हणून लिहितेस? मला काळजी लागून राहिलीय. खरं काय ते कळव.

तुझा,
धाकटा

२१ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,
अ. उ. आ.

वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. खोटं नाही रे लिहिलं, अर्धं लिहिलं. आई काहीही आणलं की दोघांत निम्मं-निम्मं करायची आणि कोणी विचारलं तर आपण आपापल्या वाट्याचंच सांगायचो. तशीच मी भाड्यातला, विजेतला माझाच वाटा लिहीत गेले. तू विचारेपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसरी खोली तुझी आहे. तुझी बायको गेल्यावर घर खायला उठतं असं लिहिलं होतंस, तेव्हाच घेतली. तुझाही वाटा आजवर मीच भरला, पण आता शिल्लक आटत चाललीय. येणार नसशील तर मी एका खोलीचं घर बघते. रागावणार नाही. पण मला तू इथे हवा आहेस, हेही लिहून टाकते.

उत्तर लवकर धाड.

ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा खरा आकडा धरून हिशेब केला. नाहीच बसत. मजुरी निम्मी, खोलीचं भाडं पुरं, वर दोऱ्याच्या प्रत्येक रिळावर कर. महिन्याच्या शेवटी इथे उरतं तेवढंच तिथे उरेल, कदाचित थोडं कमीच.

काल दुकानमालकाला नाही सांगून आलो. तिकडे इथल्यापेक्षा स्वस्त आहे का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तसं काही नाही, तिकडे ताई आहे.

एवढीच शंका राहिलीय. माझ्या खोलीत उजेड कोणत्या बाजूने येतो? मशीन तिथेच लावीन.

बाकी भेटीअंती.

तुझा,
धाकटा