ट्रायम्फच्या तबकड्या आणि नीलांबरीचं घर

मी, सुभाष वामन खानोलकर, वय ऐंशी, मूळचा सांगलीचा, निम्म्याहून अधिक आयुष्य राहणार हर्नडन, व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या भाषेत लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही, औषधाची गुंगी नाही. हृदयाची झडप निकामी झाली आहे, डोकं शाबूत आहे. याचा इंग्रजी मसुदा वकील रेणू करणार आहे. त्यात कायदा असेल, यात मी आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात गाडीवर चार पानं होती आणि बायकोवर चार ओळी.

१. पत्नी. माझी पत्नी नीलांबरी हिला विस्मरणाचा आजार आहे. माझ्यामागे तिला या घरातून हलवू नये, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप. हे कलम पक्कं करून दे, असं मी रेणूला म्हणालो. तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "काका, मृत्युपत्राने वस्तू देता येतात. माणूस नाही देता येत." तेव्हा पुढे जे आहे ते आदेशाच्या भाषेत असलं तरी विनवणी आहे. वाचणाऱ्याने तसंच वाचावं.

२. घर. नीलांबरी हयात असेतो घर विकू नये. तळघरात भाड्याने राहणारी रत्ना, मूळची नागपूरची, इथल्या डायलिसिस सेंटरमध्ये काम करते, तिने वर राहायला यावं. भाडं घेऊ नये. संध्याकाळपासून सकाळपर्यंत नीलांबरीला तिची सोबत व्हावी. दिवसा पगारी बाई ठेवावी. नीलांबरीच्या पश्चात घर आमचा एकुलता मुलगा केदार, राहणार पश्चिम किनाऱ्यावरचं बॉथेल, याचं.

केदारचं म्हणणं वेगळं आहे, ते मी लपवत नाही. त्याने तिच्यासाठी एक मेमरी केअर, म्हणजे विस्मरण झालेल्यांना ठेवायचं केंद्र, बघून ठेवलं आहे. फोनवर म्हणाला, "बाबा, बी रिझनेबल. चोवीस तास स्टाफ आहे, गार्डन आहे, म्युझिक थेरपी आहे."

मी विचारलं, "मराठी आहे का?"

तो म्हणाला, "बाबा, तिला आता कुठलीच भाषा नीट येत नाही."

मी फोन ठेवला. त्याचं चुकलं असं नाही. म्हणूनच ठेवला.

३. गाडी. गराजमध्ये १९५७ सालची ट्रायम्फ टीआर थ्री आहे. केदार लहानपणी तिला आईची सवत म्हणायचा. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घेऊन हजारोंनी रस्त्यावर आलेली ही पहिली ब्रिटिश गाडी. त्याआधी सगळीकडे ड्रम, म्हणजे बंद लोखंडी डबा. आत घासून घासून तापायचा आणि ऐन उतारावर दगा द्यायचा. १९५३ साली फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या ब्रिटिश गाडीने जिंकली आणि तीनच वर्षांत ते ब्रेक साध्या गिऱ्हाइकाच्या गाडीला लागले. उघडी तबकडी, दोन्ही बाजूंनी चिमटा. वारा खाते म्हणून गार राहते. सांगलीत शाळेत असताना एका जुन्या इंग्रजी मासिकात मी तिचं चित्र पाहिलं. त्याच वर्षी आमचे मराठीचे गुरुजी शार्दूलविक्रीडित वृत्त शिकवत होते. एवढी दौडत जाणारी ओळ, आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे ठरलेला थांबा. माझ्या डोक्यात ती ओळ आणि ती गाडी एकच झाली. अजून आहे.

जुन्या मृत्युपत्रात अट होती की गाडीचा एक बोल्टही बदलू नये. ती अट मी काढून टाकतो. गाडी विकावी. घेणाऱ्याने इंजिन काढून बॅटरी बसवली तरी चालेल. कापून सुटे भाग विकले तरी चालेल. जे येईल ते दिवसाच्या बाईच्या पगारासाठी ठेवावं. मला विचारायला कुणी वर येऊ नये.

४. दसऱ्याचा अपघात. केदार, हे कलम तुझ्यासाठी आहे, नीट वाच.

पोलिसांच्या कागदात आणि तुझ्या मनात असं आहे की मी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला, गाडी आपल्या ड्राइव्हवेच्या उतारावरून समोरच्या संग्रामच्या मेपलच्या झाडावर गेली आणि शेजारी बसलेल्या आईचं मनगट मोडलं. मी मान डोलावली होती. माझं लायसन्स गेलं. तू म्हणालास, बाबा, यू कुड हॅव किल्ड हर. तेही ऐकून घेतलं.

माझा पाय ब्रेकवरच होता. पेडल दगडासारखं घट्ट लागलं, पण गाडी ऐकेना. गाडी घरी आणल्यावर मी पुढची चाकं काढली. दोन्ही तबकड्यांवर तेल होतं, तेलात हळद-कुंकू कालवलेलं. दसऱ्याला ती दरवर्षी गाडीची पूजा करते, बॉनेटवर हळद-कुंकू वाहते, हार घालते. यंदा समईतलं तेल घेऊन तिने तारांच्या चाकांतून बोटं आत घातली आणि चकाकणाऱ्या तबकड्यांना माखून काढलं. दिवाळीला मुलाला माखावं तसं. मी आत नवं जाकीट शोधत होतो. जुने ड्रम असते तर तेल बाहेरच्या लोखंडावरच राहिलं असतं. ज्या उघडेपणावर मी साठ वर्षं जीव टाकला, तिथेच तिचा हात पोचला.

तेव्हा बोललो असतो तर त्याच आठवड्यात तू तिला तिथे नेलं असतंस. आता लिहितो, कारण मी नसताना हे कुणाला तरी माहीत असायला हवं. तिच्या हाताशी तेल, काडेपेटी, गोळ्या ठेवू नयेत. तिला एकटीला ठेवू नये. पण एवढ्यावरून तिला घराबाहेर काढू नये रे. तबकडी कशासाठी असते हे ती विसरली. दसऱ्याला हत्यारं पुजायची, हे विसरली नाही. हे तिथे कोण ओळखेल?

५. हत्यारं. ब्रिटिश मापाचे सगळे पाने, जॅक आणि टॉर्क रेंच मित्र विवेकला द्यावेत. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात त्याने लिहिलं होतं की डिस्क ब्रेक आधी अमेरिकेत आले. आले होते, १९४९ साली, एका छोट्याशा गाडीला. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजून अडकायला लागले, म्हणून काढून टाकले. यावरून आम्ही दोन वर्षं बोललो नाही. दोन म्हातारे, मिठावरून. हत्यारं दिली म्हणून तो बरोबर होता असा अर्थ काढू नये. बदल्यात त्याने आठवड्यातून एकदा येऊन चहा घ्यावा आणि नीलांबरीला "वहिनी" म्हणून हाक मारावी. तशी हाक मारणारं इथे दुसरं कुणी उरलेलं नाही.

६. पुस्तकं. शाळेची जुनी मराठी वाचनमाला रत्नाकडे राहावी. नीलांबरी घाबरली, दाराशी जाऊन उभी राहिली, मला घरी जायचंय म्हणू लागली, तर कुठल्याही कवितेची अर्धी ओळ म्हणावी. उरलेली अर्धी ती म्हणते, पूर्ण चालीत, यतीसुद्धा जागच्या जागी. मग दार विसरते. रत्ना म्हणाली, "काका, मला चाली नाही येत." तिला सांगितलं आहे, चाल तिची ती लावेल, तू नुसती सुरुवात कर. सुरुवात करणारं कुणी नसेल तर ती दाराशीच उभी राहील. मला झोपेतही तेच दिसतं.

७. बचत. सगळी तिच्यासाठी. केदार, तुझ्या वाट्याला आज काही येत नाही, फक्त हे काम येतं. एक वर्ष तरी करून बघ. वर्ष जमलं नाही तर एक हिवाळा. वडील आहे म्हणून तुझ्या पाया पडता येत नाही, पण पडलो असं धर.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही करत आहे.

सुभाष वामन खानोलकर

साक्षीदार, ज्यांच्यासमोर ही सही झाली व ज्यांना यातलं काही मिळत नाही:
१. संग्राम भोईटे, समोरचं घर
२. निधी भोईटे, समोरचं घर

सह्या चालू असताना नीलांबरी बाहेर आली. टेबलावर पेन बघून म्हणाली, "मीपण करते. मला येते सही." निधीने उठून तिला खुर्ची दिली. बँडेजचा हात कागदावर टेकवून तिने सावकाश, वळणदार अक्षरात सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "बघा गुरुजी, बरोबर आहे?" मी बरोबर आहे म्हणालो. कायद्याने ही साक्ष धरू नये. पण कुणी खोडूही नये.

कु. नीलांबरी केशव धारप, इयत्ता सातवी

हर्नडन, व्हर्जिनिया
९ नोव्हेंबर २०२५