कंदील मी अडवला

पुणे,
ता. १९ फेब्रुवारी १९६१

गं. भा. वहिनींस,
करणसिंगचा साष्टांग नमस्कार.

मी इथं खुशाल आहे. तुमच्या नावामागे 'गं. भा.' आज पहिल्यांदा लिहिलं आणि हात थांबला. धनूचा खोकला कमी झाला का? हरभरा निघाला असेल. इथं विद्यापीठात माझ्या बाटल्यांतलं शेण आंबतंय आणि त्यातून निघणारा गॅस मी रोज मोजतोय. सरांना माझे आकडे पसंत आहेत. प्रबंध जूनपर्यंत होईल म्हणतात.

हे पत्र लोटन गुरुजीच तुम्हाला वाचून दाखवणार. गुरुजी, तुम्ही कळवलंत की होळी झाली की माय वहिनींना माहेरी धाडणार आणि नात म्हणून धनूला मात्र ठेवून घेणार. म्हणून विनंती, पुढचं वाचण्याआधी मायला आणि पोलीस पाटलांना बोलावून घ्या. मग वाचा, आणि मध्ये थांबू नका.

वहिनी, दिवाळीला मी आलो होतो तेव्हाची गोष्ट. आपल्या गोबर गॅसवर तुम्ही पहिला चहा केलात, सगळं धानोरा ती निळी जोत बघायला लोटलं आणि मी नवरदेवासारखा मिरवत होतो. त्या दिवशी चुलीपाशी मी तुम्हाला म्हणालो, टाकीचं झाकण काढतील तेव्हा दादांना कंदील जवळ नेऊ देऊ नका, भडका उडेल. दादा माझं ऐकणाऱ्यातले नव्हते, म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "भाऊ, तुम्ही सांगं तसंच करसू. कंदील हातम्हा देवाव नही."

मी सांगितलं ते खरं होतं, पण अर्धं होतं. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीनं सोडतात. तो विझला तर माणूस उतरत नाही. ती रीत मी मोडली आणि तिच्या जागी दुसरं काही दिलं नाही. त्या टाकीत जळणाऱ्या गॅसबरोबर जीव घेणारी हवाही असते, हे मला ठाऊक होतं. इथं आमच्या टाकीत कोणी उतरतच नाही, गाळ वरूनच उपसतात. हे मी विसरलो नव्हतो, वहिनी. मी बोललो नाही. विषाचं नाव ऐकून दादांनी खड्डाच बुजवला असता, आणि मला गावातल्या टाकीचे सहा महिन्यांचे आकडे हवे होते.

जानेवारीत गाळ साचला. दादा भर दुपारी झाकण काढून शिडीनं उतरायला निघाले, त्यांनी कंदील मागितला. तुम्ही दिला नाहीत. दादा तसेच उतरले. त्यानंतरचं सगळ्या गावानं पाहिलं.

तार मिळताच मी आलो. तिसऱ्या दिवशी पाटील जबाब घ्यायला बसले. माय लेकासाठी ओरडली, "हिनी दिवा दिन्हा नही, मन्हा आंडोर मारी टाका!" पाटलांनी विचारलं, कंदील का दिला नाही? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी जमिनीकडे पाहिलं. मग तुम्ही म्हणालात, "ध्यानमा ऱ्हायनं नही."

तुम्ही माझं शिक्षण वाचवलंत, आणि मी ते वाचवू दिलं. दुसऱ्या दिवशी गाडी धरून पुण्याला आलो आणि पुन्हा बाटल्या मोजू लागलो. गावानं शहाणा म्हणून डोक्यावर घेतलेला मी, वहिनी, निव्वळ भ्याड निघालो.

काल सरांना सगळं लिहून दिलं. प्रबंधात आपल्या टाकीचे आकडे राहतील आणि दादांचं मरणही राहील, कारणासकट. ते नको असेल तर प्रबंधही नको, असं सांगून आलो. पाटील, हे पत्र माझा जबाब म्हणून लावून घ्या. बोलवाल तेव्हा मी हजर होईन. टाकीजवळ कोणाला फिरकू देऊ नका.

माय, दादाला मी मारलं. वहिनींनी फक्त माझं ऐकलं. धनूला तिच्या आईपासून तोडू नकोस. दार बंद करायचं असेल तर मला कर.

गुरुजी, मायला कमी ऐकू येतं. वरच्या चार ओळी तिच्या कानाशी जाऊन पुन्हा वाचा.

तुमचा अपराधी दीर,
करणसिंग