लिंबाला खिडकी नसते

१० जुलै १९३४, सकाळी ६
झोप नाही. डोळ्याला डोळा लागला नाही. का ते सांगते, वहीला सांगायला कसली लाज. आमचं लिंबू, म्हणजे हे लिंबाच्या आकाराचं दुकान, दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ते आत सोडतं. पोर, ओपल, अकरा महिन्यांची. कडेला निजवली की भिंतीने भाजते, मधे निजवली की घामाने गादी भिजते. नुसती किरकिर.
पण लिंबू दिसतं मात्र झकास. फ्रेझ्नोच्या रस्त्यावर बारा फूट उंच, कोंबड्यांच्या जाळीवर प्लास्टर, वर हिरवं पान. पुढच्या फळीवर लेमनेड विकायचं, मागे आम्ही राहायचं. नवरा, व्हर्जिल, पीच तोडायला उत्तरेला गेलाय. तो ऑगस्टात येईस्तोवर इथे रांग लावून दाखवते की नाही बघ.

११ जुलै
गिऱ्हाईक दोन. समोर टिबेट्सबाईचं संत्रं आहे, तिथे मोटारी अकरा. मोजल्या नाहीत, दिसल्या.
बाई पोरीचं तोंड बघून म्हणाली, "अगं आयोना, हे लिंबू आहे का भट्टी? दुपारची आण तिला माझ्या संत्र्यात. वारा तरी लागेल." मी म्हटलं, आमच्या ओपलला ऊब आवडते. असं का म्हटलं कोण जाणे.
तिच्या संत्र्याला खिडक्या आहेत. लांबून डोळे-तोंड कोरलेला हॅलोवीनचा भोपळा वाटतो. आमचं कसं अस्सल! बांधताना क्लेटनने, माझ्या भावाने, खडूने दोन खिडक्या आखल्या होत्या. मीच पुसल्या. सगळ्यांसमोर म्हटलं, लिंबाला खिडकी कुठे असते रे शहाण्या? तो म्हणाला, "लिंबात बाळ तरी कुठे असतं?" सगळे हसले. मी नाही हसले.

१३ जुलै, दुपारी
एक मोटार थांबली. मला वाटलं, आली रांग. नवरा-बायको उतरले, फोटो काढला, गेले. फोटो चांगला आला तर लोक विचारतील हे कुठलं. म्हणजे फायदाच.
मग एक म्हातारा आला. म्हणाला, "हे बटाट्याचं पोतं आहे का?" मी म्हटलं, हे लिंबू आहे. तो चार पावलं मागे सरला, मान वाकडी करून बघितलं, म्हणाला, "असेल बाई."
पिवळा रंग उन्हाने मातकट झालाय. थोडासाच.

१४ जुलै
रंग दिला. डबा संपला म्हणून फक्त रस्त्याच्या बाजूने. मागून कोण बघतंय.
ओपलच्या गळ्यावर पुरळ. घामोळं असणार. सगळ्या पोरांना येतं.

१६ जुलै
ओपलने दूध ओकलं, दोनदा. टिबेट्सबाई संत्र्याला कुलूप लावून बहिणीकडे सॅक्रामेंटोला गेली. जाताना तिने हात हलवला, मी बघितलं नाही असं केलं. आता वाटतं हलवायला हवा होता.
सकाळी लवकर पोरीला कडेवर घेऊन पेट्रोलपंपावर गेले, अर्धा तास चालत. क्लेटनला फोन लावला. ठरवलं होतं, सरळ सांगायचं: पोर आजारी आहे, ये. तो म्हणाला, "बोल गं. कसं चाललंय लिंबू?" मी म्हटलं, बेस्ट. उसंत नाही बघ. तो म्हणाला, "आणि माझी भाची?" मी म्हटलं, गुटगुटीत. तेवढ्यात ओपल रडली. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही रे, गिऱ्हाईकाचं पोर आहे.
माझ्या पोरीला मी गिऱ्हाईकाचं पोर म्हटलं.
उद्या परत फोन करेन. नक्की.

१७ जुलै
नाही केला. ऊन फार होतं.

१८ जुलै, सकाळी ९
आपणच खिडकी पाडू म्हटलं. त्यात काय. हातोडीने ठोकलं. प्लास्टरचा पोपडा निघाला, आत जाळी. जाळी कापायला पक्कड नाही. स्वयंपाकाच्या सुरीने ओढत बसले, सुरी मोडली. बशीएवढं भोक झालं. त्यातून वारा येत नाही, धूळ येते. धुळीत ओपल खोकते. भोकात फडकं कोंबलं.

१८ जुलै, दुपारी २
अंग तापलंय. ओली चादर गुंडाळते, ती घटकेत वाळते. बाहेर सावली म्हणून नाही, झाड नाही, वारा तव्यावरून आल्यासारखा. मघाशी ती रडत होती. आता रडत नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटतेय.
तिला घेऊन या उन्हात अर्धा तास चालवत नाही. टाकून जाववत नाही. एक मोटार गेली, मी हात केला, त्यांनीही हसून हात केला.
म्हणून ही वही फळीवर उघडून ठेवते, पान उडू नये म्हणून कडेवर लेमनेडचा जग. जो कोणी थांबेल त्याने मागचं वाचू नये. वाचलंत तर वाचलंत, एवढं करा. मी आत पोरीपाशी आहे. आधी हाक मारा, मग तसेच पंपावर जा आणि माझ्या भावाला फोन करा. क्लेटन हॅस्किन, व्हिसेलिया, नंबर ४१६. त्याला सांगा ट्रक घेऊन ये, डॉक्टरला घेऊन ये. पोर खरंच आजारी आहे म्हणावं, आणि ती आमचीच आहे. फोन तुम्हीच करा. माझ्या हातात देऊ नका, मी परत सगळं बेस्ट आहे असंच सांगेन.