फळ्यावरची बातमी

२६ सप्टेंबर १९९४, सोमवार

आजच्या फळ्याचा खरा खर्च — खडूचा अर्धा तुकडा आणि मल्होत्राजींचा रोजचा नमस्कार.

नोएडाच्या बाजारातल्या माझ्या पेपरच्या स्टॉलबाहेर मी रोज सकाळी एक गरम बातमी फळ्यावर लिहितो. सुरतेतला प्लेग आता शिळा झाला. म्हणून काल संध्याकाळच्या पेपरातल्या, आतल्या पानावरच्या चार ओळी उचलल्या — नोएडात तापाच्या एका पेशंटला तपासायला ठेवलंय, बस! मी लिहिलं, ‘नोएडा में प्लेग?’ प्रश्नचिन्ह घातलं की आपण खोटं बोलत नाही. सातच्या आत सगळे पेपर साफ! आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मल्होत्राजी मात्र नाकावर रुमाल दाबून समोरच्या फुटपाथने गेले.

२७ सप्टेंबर, मंगळवार

औषधाच्या दुकानात प्लेगवरचं टेट्रासायक्लिन संपलं. “अहो, लोकांना घाबरवलंत, आता आपल्यालाच गोळ्या मिळेनात!” — बायको, वासंती. तिने कापराची पुरचुंडी दिली, ती खिशात ठेवली. तिच्या समाधानासाठी!

धंद्याची सुरुवात सायकलवर पन्नास पेपर टाकत केली, आता चार सेक्टरांत माझेच पेपर जातात. एकवीस वर्षांत एकाही बातमीला घाबरलो नाही. त्या कशा शिजतात, मला ठाऊक आहे ना!

२९ सप्टेंबर, गुरुवार

सोसायटीची मीटिंग. ठराव — गुजरातेतले पाहुणे आत घ्यायचे नाहीत. आणि रविवारी बडोद्याहून आमच्या रुचिताला पाहायला मंडळी येणार! तीन स्थळांना नाकं मुरडून झाल्यावर पोरीला पहिल्यांदाच कुणी आवडलाय. शार्दूल. तोही नुसत्या पत्रांतून.

मी उभा राहिलो. “मल्होत्राजी, बडौदा अलग है, सूरत अलग!”

“अच्छा? और गाड़ी? वो तो सूरत होके ही आती है ना?”

येते. मुंबईहून सुटते ना! मी खाली बसलो.

“और भाईसाहब, बोर्ड तो आप ही का था!” सगळे हसले. घरी आलो तर रुचिताने ताट वाढलं, तेही आवाज करून. ताट वाढलं, तेही आवाज करून.

३० सप्टेंबर, शुक्रवार

ठरावाची गरजच उरली नाही. शार्दूलच्या वडिलांचा फोन —

“आम्ही येत नाही. तुमच्या नोएडात प्लेग आहे.”

“अहो, पेपरात फक्त चार ओळी होत्या!”

“चार छापल्या म्हणजे चारशे दाबल्या असणार.”

“मी स्वतः पेपरवाला सांगतोय, काही नाहीये!”

“पेपरवाले आहात, म्हणूनच तर! आणि आमच्या इथल्या पेपरात आलंय — नोएडाच्या बाजारात प्लेगचे फलक लागलेत.”

“फलक एकच आहे हो!” — निघून गेलं तोंडातून.

फोन ठेवला त्यांनी. रुचिता दारात उभी होती. “बाबा, आता उद्या काय लिहिणार?”

१ ऑक्टोबर, शनिवार

फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. पेपर निम्मे न खपता परत.

दुपारी शार्दूलचा फोन, रुचितानेच उचलला. वडिलांशी भांडून तो एकटाच येतोय! उतरेल दिल्लीत, सरोजिनी नगरला, वासंतीच्या भावाकडे, जयंताकडे. सरकारी क्वार्टर — तिथे ठरावबिराव काही नाही. रुचिता तीनदा साडी बदलून आरशासमोर. चौथ्यांदा पुन्हा पहिलीच!

२ ऑक्टोबर, रविवार

मुलगा उत्तम. टॅक्सीत दोघं मागे बसली, सरोजिनी नगरपर्यंत बोलणं थांबलं नाही. मी पुढे, ड्रायव्हरजवळ.

स्टेशनवर तो पाया पडायला वाकला तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो होतो. रुचिताने पाहिलं.