फवारलेल्या भेंडीचं सुतक

३ फेब्रुवारी, मंगळवार
गुणाबाई भेंडीच्या सरीतच आडवी झाली!
वज्रेश्वरीजवळ हिरामणशेठचं शेत. काल संध्याकाळी औषध मारलं, आज पहाटे बायका खुडायला. का? तर भेंडी थांबत नाही, जून होते. मी भिवंडीहून बातमीला पोचेपर्यंत तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. हातभर पुरळ, डोळे लाल, ओकून ओकून आवाज बसलेला. नवरा नामा उशाशी. फवारणी करणारा तोच.
हिरामण म्हणे, "पंडित, उन्हाचा झाला असंल."
पहाटे ऊन! सूर्यनारायण हिरामणला विचारून उगवत असणार.

४ फेब्रुवारी
औषधाची बाटली वाचली. पाठशाळेत पोथ्या वाचून चष्मा लागला, पण इतकं बारीक अक्षर तिथेही नव्हतं. हातमोजे घाला, तोंड झाका, मारल्यावर तीन दिवस खुडू नका — सगळं लिहिलंय!
बातमी पाठवली. संपादकांचा फोन — "औषधवाल्यांची जाहिरात आहे हो, शास्त्रीबुवा. जरा सौम्य करा."
विष जहाल चालतं, बातमी तेवढी सौम्य! नाही केली. त्यांनी नाही छापली. मग मीच झेरॉक्स काढून एसटीच्या थांब्यावर चिकटवली.

५ फेब्रुवारी
कुणीतरी फाडली. पुन्हा चिकटवली. खळ भरपूर आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार
काल पुन्हा औषध मारलं. आज गुणाबाई उठून बांधावर जाऊन बसली. बायकांना आत जाऊ देईना.
"या वावराला सुतक हाय. तीन दिस शिवायचा न्हाय."
हिरामण भडकला. "भेंडीला कसला सुतक? मेला कोन?"
"किडं मेली ना, शेठ! तूच गावभर सांगतोस, एक न्हाय वाचला."
बायका हसून हसून बांधावर लोळल्या. आशौचाचे नियम मी घोकलेत — सपिंडाचं किती, सोयऱ्याचं किती. किड्यांचं कुणाला सुचलं नव्हतं. चेहरा गंभीर ठेवून म्हटलं, "शास्त्राला मान्य आहे!"
"पंडित, तुला कोनी इचारला? आनि तुम्ही — उद्या येऊ नका. राहनाळच्या बाया आनतो!"

११ फेब्रुवारी
आणल्या, टेम्पो भरून. त्या उतरल्या. गुणाबाईने काही भाषण केलं नाही, नुसते हात पुढे केले. त्यांनी ते पाहिले आणि पदर खोचून तिच्या शेजारी बसल्या. पानाचा डबा फिरला. हिरामण एकटाच उभा!

१३ फेब्रुवारी
सुतक फिटलं. बायका आत गेल्या, जुन्याच. भेंडी अंमळ जून झालीय. होऊ दे. यापुढे दर फवारणीला सुतक, असं हिरामणने तोंड वाकडं करून मान्य केलं. जिंकलो! घरी येऊन मोठ्याने श्लोक म्हटला.

१८ फेब्रुवारी, बुधवार
आज फवारणी. नामाने भरलेला पंप हिरामणच्या ओट्यावर आणून ठेवला.
"बायांना सुतक, नि माझा काय? हातमोजे न्हाय, तोंडाला फडका न्हाय. शेठ, आज तूच मार."
हिरामणने पंपाच्या पट्ट्याला हात लावला. मागे घेतला.
"माझी पोरं लहान हायेत, नामा."
"माझी पन."