साच्यात गेलेला हात

ओत्ताविओ भावजी,

आज जेवताना तुम्ही म्हणालात, "वहिनी, उद्या कारखान्याच्या फाटकाशी सगळ्यांत पुढे तुम्हीच उभ्या राहा. फेर्मोच्या बायकोला बघून मालक मुकाट्यानं तो रोबो परत पाठवेल. मेलं लोखंडी माकड!" मी मक्याची पोलेंता वाढत राहिले.

दुपारी नग घासायचे सोडून मी त्या माकडाकडेच पाहत होते. उघड्या साच्यात हात घालून त्यानं अ‍ॅल्युमिनियमचा तापलेला नग अलगद बाहेर काढला. असाच नग काढताना फेर्मोवर साचा मिटला होता, आणि त्यातच तो गेला.

रोबो राहिला तर तुमचं काम जाणार, आणि मी तुमच्याच घरात राहते. उद्या मी येईन, घोषणाही देईन. फक्त माझ्या तोंडाकडे बघू नका.

हे पत्र आता चुलीत घालते.

तुमची वहिनी,
एर्मिनिया